तिसऱ्या दिवशी छान वाढणारे भ्रूण पाचव्या दिवशी का थांबतात?

पुण्यातल्याच एका सदतीस वर्षांच्या बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आयव्हीएफसाठी अकरा स्त्रीबीजं निघाली, इक्सीनंतर (एकेका बीजात सुईनं एकच शुक्राणू सोडल्यावर) आठ फलित झाली, तिसऱ्या दिवशी लॅबमधून फोन आला की आठही भ्रूण छान वाढताहेत. सहाव्या दिवसापर्यंत उरले तीन. त्यांची बायॉप्सी केली, म्हणजे थोड्या पेशी काढून गुणसूत्रं तपासली, तर एकात सोळावं गुणसूत्र एक जास्तीचं, एक मोझॅक (काही पेशी नॉर्मल, काही चुकलेल्या), आणि तिसऱ्याच्या रिपोर्टात इतक्या गुणसूत्रांची गडबड की डॉक्टरांनी तो बाजूलाच ठेवला. "संख्या सुरुवातीपासून चुकली होती तर तीन दिवस पेशी इतक्या नीट कशा विभागल्या? बाकीचे पाच का थांबले? आणि बीजं काढायच्या आधीच्या आठवड्यात मी रोज स्कूटीवरून हडपसरला जात होते, त्यानं काही झालं का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मनात असताना बाकीचं काही डोक्यात शिरत नाही. नाही, त्यानं काहीही झालेलं नाही. स्कूटी, खड्डे, जिने, पपई, यांतल्या कशानंही बीजातली गुणसूत्रं इकडची तिकडे होत नाहीत. हे मी तुमचं समाधान करायला म्हणत नाही. चूक नेमकी कुठे आणि कधी होते ते पुढे सांगते, मग तुमचं तुम्हालाच पटेल.

बरीच वर्षं मी आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रियोलॉजिस्ट म्हणून काम करते आहे, आणि तुमचा पहिला प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर असं, की पहिले तीनेक दिवस भ्रूण स्वतःच्या गुणसूत्रांवर फारसा अवलंबून नसतो. बीज अंडाशयात वाढत असताना त्यात आरएनए आणि प्रथिनांचा मोठा साठा भरून ठेवलेला असतो आणि एकाच्या दोन, दोनाच्या चार पेशी होतात त्या या साठ्यावर. १९८८ साली ब्रिटनमध्ये पीटर ब्रॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मानवी भ्रूणाची स्वतःची जनुकं चार ते आठ पेशींच्या दरम्यान कामाला लागतात. जनुकांचं वाचन औषधानं बंद पाडलं तरी भ्रूण तिथवर विभागत राहिले, पुढे मात्र गेले नाहीत. म्हणजे फोन आला त्या तिसऱ्या दिवशी तुमचे आठही भ्रूण जेमतेम स्वतःच्या जनुकांवर चालायला लागले होते. एखाद्या पेशीत पंचेचाळीस गुणसूत्रं असोत की सत्तेचाळीस, तोवर त्याची झळ लागायचं कारणच नव्हतं.

हे कोडं खरं तर बरंच जुनं आहे. थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञानं सी-अर्चिन या समुद्री प्राण्याच्या एकेका बीजात दोन-दोन शुक्राणू शिरतील अशी व्यवस्था केली. अशी बीजं बहुतेकदा दोनाऐवजी एकदम चार पेशींत विभागत आणि गुणसूत्रांची वाटणी कशीही होई. त्यानं त्या चार पेशी सुट्या करून वाढवल्या. सुरुवातीची विभाजनं सगळ्यांची व्यवस्थित झाली. बिघाड दिसला तो नंतर, आणि प्रत्येक पेशीचा वेगळा. यावरून त्यानं १९०२ मध्ये मांडलं की प्रत्येक गुणसूत्राचं काम वेगळं आहे, नुसती एकूण संख्या भरून भागत नाही. माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात हे पक्कं कळायला पुढे १९५६ साल उजाडलं. तिसऱ्या दिवशी आठ सारख्या, स्वच्छ पेशींचा भ्रूण बघताना मला बोव्हेरीची आठवण होते, आणि म्हणूनच तिसऱ्या दिवसाच्या फोनवर 'छान' हा शब्द मी जपून वापरते.

आता चूक होते कुठे. दोन ठिकाणी, आणि या दोन्हींत गल्लत केली की पुढचं काहीच समजत नाही.

पहिलं ठिकाण म्हणजे बीज. तुम्ही तुमच्या आईच्या पोटात होतात तेव्हाच तुमच्या बीजांमधल्या गुणसूत्रांच्या जोड्या जुळल्या आणि अर्धगुणसूत्री विभाजन निम्म्यात थांबलं. ते पुन्हा सुरू होतं ते बीज पिकताना, तुमच्या बाबतीत सदतीस वर्षांनी, ट्रिगरच्या इंजेक्शननंतर. इतकी वर्षं त्या जोड्या धरून ठेवतं कोहेसिन नावाचं प्रथिन. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की हे कोहेसिन एकदाच चढवलं जातं, नंतर त्याची भर पडत नाही. लग्नातला शालू कपाटात घडी करून ठेवला की वरून नवा दिसतो, पण वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहून तिथेच विरतो, तसं काहीसं इथे होतं. बीज दिसायला उत्तम असतं, पण धरून ठेवणारा धागा ढिला झालेला असतो. मग वाटणीच्या वेळी जोडीतली दोन्ही गुणसूत्रं एकीकडेच जातात, किंवा वेळेआधी सुटून भलतीकडे जातात. त्यात मानवी बीजाची आणखी एक अडचण आहे. शरीरातल्या इतर पेशींत गुणसूत्रं ओढून नेणारे तुर्कतंतू तारककेंद्रांच्या आधारानं उभे राहतात. बीजात तारककेंद्रंच नसतात. मेलिना शू यांच्या केंब्रिजमधल्या गटानं २०१५ मध्ये दाखवलं की मानवी बीजात ही तंतूंची रचना उभी राहायला साधारण सोळा तास लागतात आणि तेवढ्या वेळात ती वारंवार डळमळते.

वयाचा संबंध येतो तो इथे. बायॉप्सी केलेल्या ब्लास्टोसिस्टमध्ये, म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवसाच्या भ्रूणांमध्ये, गुणसूत्रांची संख्या चुकलेल्यांचं प्रमाण तिशीच्या आसपास साधारण चौथा हिस्सा असतं, सदतिशीला दहात चार, एकोणचाळिशीत निम्म्याच्या थोडं वर आणि त्रेचाळिशीनंतर पाचात चारपेक्षा जास्त. तुमच्या पहिल्या भ्रूणातलं जास्तीचं सोळावं गुणसूत्र जवळजवळ नक्की याच टप्प्यावर आलेलं आहे. सोळाव्याची ट्रायसोमी (दोनाऐवजी तीन प्रती) बहुतेक सगळी बीजाच्या पहिल्या विभाजनातून येते. गर्भपातांमध्ये सापडणाऱ्या ट्रायसोमींत तीच सर्वांत जास्त दिसते.

दुसरं ठिकाण म्हणजे फलनानंतरची पहिली दोन-तीन विभाजनं. इथल्या चुका वयावर फारशा अवलंबून नसतात, आणि त्या किती सर्रास होतात हे ऐकून पेशंटच काय, नवीन डॉक्टरही चकित होतात. २००९ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी पस्तिशीच्या आतल्या स्त्रियांचे तिसऱ्या-चौथ्या दिवसाचे भ्रूण पेशी-पेशी सुटी करून तपासले. सगळ्या पेशी नॉर्मल असलेले भ्रूण त्यांत अगदी मोजके निघाले.

असं का होतं हे समजायला इक्सीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ बघायला हवी. सोळा ते अठरा तासांनी आम्ही फलन तपासतो. बीजाच्या मधोमध दोन गोल, पारदर्शक कोशिका दिसतात, एक आईच्या गुणसूत्रांची, एक बापाच्या. लॅबच्या भाषेत 'टू पीएन', म्हणजे दोन प्रोन्यूक्लियस. त्यांच्या आत बारीक ठिपके असतात, आणि चांगल्या भ्रूणात ते ठिपके दोन कोशिका जिथे एकमेकींना टेकतात तिथे ओळीनं गोळा झालेले दिसतात. वर्षानुवर्षं आम्ही हे नुसतं नोंदवत होतो. २०२१ मध्ये शू यांच्याच गटानं गाईच्या आणि मानवी भ्रूणांवर दाखवलं की गुणसूत्रंही त्याच सीमेवर जमतात, आणि जमली नाहीत तर पहिल्याच विभाजनात काही मागे राहतात. पुढच्या वर्षी कोलंबिया विद्यापीठातल्या डायटर एग्ली यांच्या गटानं आणखी एक कारण पुढे आणलं. मानवी भ्रूणात डीएनएची प्रत काढून पुरी व्हायच्या आतच पेशी विभागायला लागते आणि गुणसूत्रं तुटतात.

शरीरातल्या साध्या पेशीत असं झालं तर विभाजन थांबतं. एक जरी गुणसूत्र तंतूंना नीट जोडलं गेलं नसेल तरी पेशी वाट बघते, आणि चूक झालीच तर बहुतेकदा ती पेशी मरते. कोवळ्या भ्रूणात ही तपासणी ढिली असते. पेशीमृत्यूची यंत्रणाही अजून पुरती चालू झालेली नसते. त्यामुळे चुकलेली पेशी पुन्हा विभागते आणि आधीच्या चुकीवर दुसरी चढते. मागे राहिलेलं गुणसूत्र कधी स्वतःभोवती वेगळं छोटं केंद्रक करून पडून राहतं, कधी भ्रूणाच्या कडेला साचणाऱ्या तुकड्यांबरोबर बाहेर टाकलं जातं. आम्ही ज्याला फ्रॅगमेंटेशन म्हणतो त्यातल्या काही तुकड्यांत अख्खी गुणसूत्रं सापडलेली आहेत.

संख्येचा आणि विभाजनाचा संबंध सर्वांत उघडा दिसतो तो दोनाऐवजी तीन कोशिका दिसणाऱ्या भ्रूणात. असे भ्रूण आम्ही कधीच गर्भाशयात सोडत नाही, पण ते बघून मी स्वतः खूप शिकले. साध्या आयव्हीएफमध्ये कधी बीजात दोन शुक्राणू शिरतात. माणसात तारककेंद्र शुक्राणूबरोबर येतं, म्हणजे आता ती दुप्पट झाली. तंतू तीन किंवा चार ध्रुवांकडे ओढ घेतात. टाइमलॅप्सवर (ठरावीक वेळानं फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यावर) बघितलं तर बीज क्षणभर थरथरल्यासारखं दिसतं आणि दोनाऐवजी एकदम तीन पेशी होतात, लहानमोठ्या. अशी वाटणी झालेल्या तिघींपैकी एकीचाही हिशेब सहसा बरोबर नसतो. आता इक्सीतला प्रकार घ्या. शुक्राणू एकच असतो, पण बीजानं आपली दुसरी पोलर बॉडी, म्हणजे जास्तीचा गुणसूत्रांचा संच घेऊन जाणारी बारीक पेशी, बाहेर टाकलेलीच नसते. गुणसूत्रं इथेही तीन संचांची, एकोणसत्तर. पण तारककेंद्रांचा हिशेब बरोबर आहे, म्हणून हा भ्रूण दोन, चार, आठ असा शिस्तीत विभागतो आणि पाचव्या दिवशी देखणा ब्लास्टोसिस्टही होऊ शकतो. दोन्हींत गुणसूत्रं तेवढीच जास्त, पण विभाजन एकाचं कोलमडलं आणि दुसऱ्याचं नाही. म्हणजे सुरुवातीचं विभाजन बिघडवते ती गुणसूत्रं ओढणारी यंत्रणा, जास्तीची गुणसूत्रं स्वतः नव्हेत.

तुमच्या थांबलेल्या पाच भ्रूणांकडे मी याच नजरेनं बघते. मधेच थांबणाऱ्या भ्रूणांत बीजातल्या एखाद्या चुकीपेक्षा नंतरच्या विभाजनांत साचलेला गोंधळ कितीतरी जास्त सापडतो: एका पेशीत चार गुणसूत्रं कमी, शेजारचीत सहा जास्त. चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर आईचा साठा संपत आलेला असतो, स्वतःची जनुकं वाचायची वेळ येते, आणि प्रत्येक पेशीतला हिशेब वेगळाच निघतो. काही पेशींत गुणसूत्राची एक प्रत नाहीच, म्हणजे त्यावरच्या शेकडो जनुकांचं उत्पादन निम्म्यावर. काहींत प्रती जास्त, म्हणजे नको तितकी प्रथिनं, आणि ती आवरण्यातच पेशीची ताकद जाते. अशा पेशी हळू विभागतात, थांबतात, मरतात. पुरेशा चांगल्या पेशी उरल्या नाहीत तर ब्लास्टोसिस्ट बनतच नाही. फलित झालेल्यांपैकी साधारण निम्मे भ्रूण कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत पोचत नाहीत, हेही लक्षात घ्या. आठातून तीन हा आकडा वाईट वाटणं साहजिक आहे, पण तो विचित्र नाही.

थांबलेला प्रत्येक भ्रूण गुणसूत्रांमुळेच थांबतो असं मात्र मी म्हणणार नाही. बीजाची ऊर्जा, शुक्राणूचा डीएनए, लॅबमधलं वातावरण, सगळ्यांचा वाटा असतो. बीजातले तंतू तापमानाला इतके हळवे असतात की खोलीच्या तापमानात काही मिनिटांत ते विस्कटायला लागतात. म्हणून डिसेंबरात पुण्यात पहाटे पारा उतरलेला असतो तेव्हाही आमच्या मायक्रोस्कोपचं स्टेज, डिश आणि वर्कस्टेशन गरमच असतं, आणि काम सुरू करण्याआधी ते मोजून बघितलं जातं. याबद्दल तुमच्या लॅबला बेलाशक विचारा. तो तुमचा हक्क आहे आणि चांगल्या लॅबला या प्रश्नाचा राग येत नाही.

मग सोळाव्या गुणसूत्राची ट्रायसोमी असलेला भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत कसा पोचला? कारण त्यातली चूक एकच आहे आणि ती सगळ्या पेशींत सारखी आहे. यंत्रणा धड होती, विभाजनं धड झाली, प्रत्येक पेशीला तीच सत्तेचाळीस गुणसूत्रं मिळाली. त्याची अडचण पुढे येते. २०२० मध्ये मार्ता शाहबाझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायॉप्सीत चुकीचे निघालेले मानवी भ्रूण लॅबमध्येच रोपणाच्या पुढच्या टप्प्यापर्यंत वाढवून पाहिले. एकविसाव्याची ट्रायसोमी असलेले तेवढ्यापर्यंत नॉर्मल भ्रूणांसारखेच वाढले, एकविसाव्याची मोनोसोमी (एकच प्रत) असलेले बरेचसे थांबले, आणि सोळाव्याची ट्रायसोमी असलेल्यांत पुढे वार तयार करणाऱ्या पेशींची वाढ कमी पडली. ई-कॅडेरिन नावाच्या प्रथिनाचं जनुक सोळाव्या गुणसूत्रावर आहे, त्याची मात्रा वाढते आणि त्या पेशी पुरेशा वाढत नाहीत. या ट्रायसोमीत गर्भ राहू शकतो, काही आठवडे वाढतो आणि बहुतेकदा पहिल्या तिमाहीतच संपतो. सगळ्या पेशींत सोळाव्याची ट्रायसोमी असलेलं बाळ जन्माला येत नाही. तुमच्या डॉक्टरांनी तो भ्रूण गर्भाशयात सोडायचा नाही असं सांगितलं असेल तर ते अगदी योग्य आहे, आणि त्यामुळे तुमचा एक गर्भपात टळला आहे असं मला मनापासून वाटतं.

आता मोझॅक भ्रूणाकडे येते, कारण तुमच्या हातात आशा आहे ती त्यातच. पाचव्या दिवसाच्या भ्रूणात शंभरच्या वर पेशी असतात. आतला एक छोटा पुंजका बाळ होणार असतो, बाहेरचं आवरण वार होणार असतं. बायॉप्सीत आम्ही लेझरनं भ्रूणाभोवतीच्या कवचाला छोटं छिद्र पाडतो, बारीक नळीनं बाहेरच्या पाच-सहा पेशी ओढून घेतो आणि त्या ट्यूबमध्ये घालून जनुकीय लॅबकडे पाठवतो. बाळ होणाऱ्या पुंजक्याला हात लावत नाही. रिपोर्ट त्या पाच-सहा पेशींचा असतो, अख्ख्या भ्रूणाचा नाही. त्यात काही पेशी नॉर्मल आणि काही चुकलेल्या असल्यासारखा आकडा आला की मोझॅक म्हणतात, आणि कधी कधी तो आकडा नुसत्या तांत्रिक गोंधळातूनही येतो.

मोझॅक म्हणजे बहुधा बीज बरोबर होतं, चूक नंतरच्या एखाद्या विभाजनात झाली. उंदरांच्या भ्रूणांवर माग्दालेना झेर्निका-गोएत्झ यांच्या गटानं २०१६ मध्ये दाखवलं की आतल्या पुंजक्यात आलेल्या चुकलेल्या पेशी मरून जातात, तर बाहेरच्या आवरणातल्या मरत नाहीत, पण हळू विभागून मागे पडतात. नॉर्मल पेशी पुरेशा असतील तर त्या जागा भरून काढतात. आणि २०१५ मध्ये इटलीतल्या एर्मान्नो ग्रेको यांच्या गटानं अठरा स्त्रियांमध्ये मोझॅक भ्रूण सोडले, त्यांतून सहा निरोगी बाळं जन्मली. त्यानंतर जगभर मोझॅक भ्रूणांकडे बघायची दृष्टी बदलली.

म्हणून त्या मोझॅक भ्रूणाबद्दल घाईनं काही ठरवू नका. तो द्रव नायट्रोजनमध्ये आहे, थांबल्यानं त्याचं काही बिघडत नाही. रिपोर्टाचं पहिलं पान नव्हे, पूर्ण रिपोर्ट मागून घ्या आणि जेनेटिक काउन्सेलरकडे बसून दोन गोष्टी बघा: मोझॅक किती टक्के आहे, आणि कोणत्या गुणसूत्राचा. साधारण वीस ते पन्नास टक्क्यांना कमी समजतात, त्याच्या वर जास्त. तेरा, अठरा, एकवीस असलं तर विचार जास्त काळजीनं करतात, कारण त्या ट्रायसोमी असलेली बाळं जन्माला येऊ शकतात. लिंगाबद्दल रिपोर्टात काही मिळणार नाही, १९९४ च्या कायद्यानं ते सांगता येत नाही, तेव्हा त्याबद्दल विचारू नका.

तुमची आणि तुमच्या मिस्टरांची रक्तातून कॅरिओटाइप (गुणसूत्रांची संख्या आणि रचना बघणारी) तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या, विशेषतः आधी एकापेक्षा जास्त गर्भपात झाले असतील तर. दोघांपैकी कुणात गुणसूत्रांचे तुकडे आपसांत अदलाबदल झालेले असतील तर स्वतःला काही त्रास नसतो, पण भ्रूणात त्याच त्याच गुणसूत्रांच्या चुका पुन्हा दिसतात. बीजातले गुणसूत्रांचे धागे घट्ट करणारी गोळी अजून कुणाकडे नाही. महागडी सप्लिमेंट्स याच आशेवर विकली जातात, त्यापेक्षा ते पैसे पुढच्या सायकलसाठी ठेवा.

आणि मोझॅक भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर गर्भ राहिलाच, तर एक गोष्ट डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. आईच्या रक्तातून करायची एनआयपीटी ही गुणसूत्रांची चाचणी आणि अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेचा तुकडा घेऊन करायची तपासणी, या दोन्हींत हाती येतं ते वारेचं डीएनए, म्हणजे बायॉप्सीत घेतल्या त्याच बाहेरच्या आवरणाच्या वंशजांचं. वारेत राहून गेलेल्या चुकलेल्या पेशी तिथे दिसू शकतात आणि बाळ नॉर्मल असूनही रिपोर्ट घाबरवणारा येऊ शकतो. बाळाच्या स्वतःच्या पेशी मिळतात त्या सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल काढून केलेल्या तपासणीत, त्यामुळे मोझॅक भ्रूणानंतर तीच करायचा सल्ला देतात.